दोन ड्रमचं खोकं

नोकरीतला सगळ्यात आनंदाचा दिवस कुठला, असं कुणी विचारलं की मी एका पुठ्ठ्याच्या खोक्याची गोष्ट सांगायला लागते. ऐकणाऱ्याला वाटतं, बढतीचं सांगेल, बक्षिसाचं सांगेल. आणि ही बाई खोक्याची लांबी-रुंदी हातांनी दाखवायला लागते. माझ्या नवऱ्याने तर ही गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की मी सुरू केली की तो पाणी आणायला उठतो. पण मला राहवत नाही. आज लिहूनच काढते.

चेन्नईजवळ ओरगडमला गाड्यांच्या सुट्या भागांचं एक मोठं गोदाम आहे. मी तिथे सेफ्टी ऑफिसर म्हणून लागले, तेव्हा माझं मुख्य काम म्हणजे लोकांना वजन उचलायला शिकवणं. दर आठवड्याला मी डॉकवर, म्हणजे ट्रक मागे लावून माल उतरवतात त्या ओट्यावर, सगळ्यांना गोळा करायचे आणि तमिळमध्ये सांगायचे, "गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, सामान अंगाजवळ धरा." मागे भिंतीवर चित्रं होती. चित्रातला माणूस कायम हसतमुख, आणि त्याच्या हातातलं खोकं कायम छोटं. ते खोकं छोटं आहे हे मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

डॉकवर बायकांची एक तुकडी होती आणि त्या तुकडीची मुख्य होती एक अक्का. चाळिशीची, वालाजाबादकडच्या एका गावातून रोज बसने येणारी. आवाज असा खणखणीत, की ट्रक मागे घेणारा ड्रायव्हर आरशात बघायचाच नाही, तिच्या आवाजावर गाडी लावायचा. माझ्या शिकवण्यात ती सगळ्यांत पुढे उभी राहायची आणि मागच्या मुली कुजबुजल्या की त्यांना नुसत्या नजरेने गप्प करायची.

एका दुपारी पुण्याकडचा ट्रक आला होता. छोट्या टेम्पोंना लागतात ते ब्रेक ड्रम त्यात असायचे. बिडाचे, थाळ्याएवढे, एका खोक्यात चार. अक्काने ट्रकमधलं अगदी खालच्या थरातलं खोकं उचललं, ट्रॉलीकडे वळली आणि तिथेच थांबली. ओरडली नाही. खोकं हळूच परत खाली ठेवलं, पण स्वतः तशीच वाकलेली राहिली.

"सरळ होता येत नाही," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात, चावी सापडत नाही म्हणावं तसं.

मी आणि तुकडीतल्या एका मुलीने धरून तिला बाकड्यापर्यंत नेलं. तिच्या कपाळावर घाम डवरला होता, पण ती मलाच सांगत होती, "हळू मॅडम, तुमची पाठ." डॉक्टरांनी तपासलं. नशिबाने मणका सरकला नव्हता, स्नायू आणि त्यांच्या दोऱ्या दुखावल्या होत्या. बरेच आठवडे विश्रांती, आणि त्यानंतरही वजन उचलायचं नाही असं बजावून त्यांनी तिला घरी पाठवलं.

ती परत आली तेव्हा मॅनेजरांनी तिला लेबल चिकटवण्याच्या टेबलावर बसवलं. मॅनेजर माणूस भला, पण कामाच्या रगाड्यात कायम अर्धा फोनमध्ये. मी तिची चौकशी करायला गेले.

"मॅडम, एक विचारू?" अक्का म्हणाली. "मी तुम्ही दाखवता तसंच उचललं होतं. गुडघे वाकवले होते. मग असं कसं झालं?"

तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. खरोखरच कोडं पडलं होतं.  मी म्हटलं, चला, करून बघू.

आम्ही दोघी डॉकवर गेलो. तेच खोकं, तेच चार ड्रम. अक्का बाजूला स्टुलावर बसली आणि मी खोक्यासमोर उभी राहिले. चित्रातल्या माणसासारखे गुडघे वाकवले, तर गुडघे थेट खोक्यावर आपटले. खोकं इतकं रुंद होतं की ते दोन गुडघ्यांच्या मध्ये मावणं शक्यच नव्हतं. मग एकच मार्ग उरतो: गुडघ्यांच्या पलीकडे हात लांब करून ते उचलायचं. तसं केलं. वर काही धरायला नाही, पुठ्ठा गुळगुळीत, बोटं खाली सरकवावी लागली. खोकं अंगापासून हातभर लांबच राहून जेमतेम वर आलं आणि माझ्या कमरेतून एक कळ अशी निघाली की मी ते पटकन टेकवलं.

कडेवरचं मूल आपण तासभर वागवतो. तेच मूल हात लांब करून धरा, क्षणात हात भरून येतात. मूल तेच, वजन तेच. मी तिथेच खाली बसले आणि अक्काला म्हटलं, "अक्का, वाकायचं कसं हा प्रश्नच नाहीये. हे खोकंच चुकीचं आहे."

अक्का स्टुलावरून पुढे झुकली. "मग खोकं बदला," ती म्हणाली.

किती सोपं वाटलं ते त्या वेळी. बसमध्ये घरी जाताना मला एका जागी बसवत नव्हतं. श्रीपेरुंबुदूरचे कारखाने, टोलनाका, सगळं मागे पडत होतं आणि मी हातरुमालाच्या घड्या घालून खोकी बनवत होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाहीये का? मी म्हटलं, फारच बरं वाटतंय.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांना गाठलं. ते म्हणाले, "खोकं पुण्याहून येतं. आपण गोदामवाले. जसं येईल तसं उतरवायचं. पूर्वी एकदा मेल पाठवली होती, उत्तर नाही." मग फोनवरची नजर वर करून म्हणाले, "पण तुम्ही महाराष्ट्रातल्याच ना? तुम्हीच बोला की त्यांच्याशी."

"सर, मी महाराष्ट्रातली नाही. मी तंजावरची मराठी."

"तेच ते," मॅनेजर म्हणाले आणि नंबर दिला.

तेच ते मुळीच नव्हतं. आमचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरला आलेलं. घरात जी मराठी बोलतात ती जुनी, तमिळ हेल काढून बोललेली, आणि तीही मला धड येत नव्हती. मी वाढले चेन्नईत, नुंगंबाक्कममध्ये. शाळा इंग्रजी, मैत्रिणी तमिळ. मराठी फक्त अप्पांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी. आज हे लिहिते आहे ती मराठी मी पुढे फोनवर बोलता बोलता आणि पुस्तकं वाचून कमावली. त्या दिवशी मात्र आधी अप्पांना फोन करून वाक्यं घोकली. अप्पा बँकेतून निवृत्त झालेले. लेकीला नोकरीत मराठी लागते आहे या आनंदाने त्यांना काही सुचेना. "आदरानं बोल, 'आपण' म्हण," एवढंच ते पुन्हापुन्हा सांगत राहिले.

मी फोन लावला. पलीकडे पॅकिंग खात्याचे प्रमुख होते. पन्नाशीचे असावेत, आवाजावरून घाईत.

"नमस्कार," मी म्हटलं. "मी चेन्नईंतून बोलते. आपली पेट्टी फार जड आहे. अस्की लोकांस पाठ दुखते."

 मग ते म्हणाले, "पेटी? मॅडम, तुमचा नंबर चुकला असेल. आमच्याकडे ड्रम मिळतात, पेटी नाही."

मला कळेचना. आमच्याकडे अस्की म्हणजे सगळे आणि पेट्टी म्हणजे खोकं. त्यांच्याकडे पेटी म्हणजे भजनात वाजवतात ती. दोघांनी आपापली पेटी समजावून सांगेपर्यंत ते इतके हसले की त्यांची घाई कुठल्या कुठे गेली. "तुम्ही कुठल्या म्हणालात? तंजावर? तिथे मराठी बोलतात? थांबा थांबा, दार लावून घेतो." आणि मग त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. अक्काचंही सांगितलं. शेवटी म्हणाले, "ताई, आमच्या इथे खोकी मशीन भरतं आणि पट्ट्यावरून ट्रकपर्यंत जातात. इथे कुणी ती हातात धरतच नाही. मला खरंच ठाऊक नव्हतं. नुसतं जड आहे म्हणू नका, कसं हवं ते सांगा."

कसं हवं ते सांगा! मी अक्षरशः पळत डॉकवर गेले.

पुढचे काही दिवस जेवणाच्या सुट्टीत डॉकचा एक कोपरा सुताराच्या कारखान्यासारखा दिसत होता. जुनी खोकी, कटर, चिकटपट्टी, आणि भोवती डब्यातला दहीभात खात उभी असलेली मंडळी. चार ड्रम शेजारी शेजारी ठेवले की खोकं रुंद होणारच. मग दोनच ठेवले, उभे, एकमेकांना टेकवून. खोकं अरुंद आणि थोडं उंच झालं, वजन निम्म्यावर आलं. मी ते दोन गुडघ्यांच्या मध्ये घेऊन उठून उभी राहिले, आणि ते सरळ पोटाशी आलं. कडेवर आल्यासारखं. बघणाऱ्यांनी काय केलं असेल? सगळ्यांनी रांग लावली. फोर्कलिफ्टचा ड्रायव्हर, जो दिवसभर बसून असतो, तोही खाली उतरून उचलून बघून गेला.

मग धरायला जागा हवी. दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी भोकं पाडायचं ठरलं, पण किती उंचीवर? खूप वर पाडली तर पुठ्ठा फाटतो, खाली पाडली तर खोकं वरून कलंडतं. तुकडीतली सगळ्यात ठेंगणी मुलगी आणि सगळ्यात उंच हमाल, दोघांना आळीपाळीने उचलायला लावलं. अक्का स्टुलावर बसून निकाल द्यायची. "फाटलं. पुढचं." "हिचा खांदा वर जातोय. पुढचं." तिला उचलायची मनाई होती, पण तिच्याइतकं लक्ष देऊन खोक्याकडे कुणीच बघत नव्हतं.

याच दिवसांत आणखी एक काम आम्ही परस्पर उरकलं. माल जमिनीवरच्या ज्या लाकडी पॅलेटवर, म्हणजे फळ्यांच्या बैठकीवर, रचायचा, त्याच्याखाली रिकामी पॅलेटं रचून ते मांडीइतकं उंच केलं. खोकं ठेवायला घोट्यापर्यंत वाकणं बंद. याला कुणाचीच परवानगी लागली नाही. मॅनेजर आले, उंच झालेल्या पॅलेटकडे बघितलं, "बरं दिसतंय" म्हणाले आणि गेले.

पुण्याला मापं कळवली. पॅकिंगच्या प्रमुखांचा फोन आला, आवाज पडलेला. "ताई, भोकं नाही पाडता येणार. ट्रक तीन-चार दिवस प्रवास करतो. भोकातून दमट हवा, पाणी आत जाणार, ड्रम गंजणार. आमचे क्वालिटीवाले नाही म्हणतात."

मी अक्काला सांगितलं. ती नुसती लेबलं चिकटवत राहिली. तो एक दिवस फार वाईट गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसमध्येच होते तेव्हा त्यांचा पुन्हा फोन. "ताई, काल रात्री नातीचा खाऊचा पुडा फोडत होतो. त्यावर कसं असतं बघा, अंगठ्याने दाबलं की पुठ्ठ्याची झडप आत जाते. भोक पाडायचंच नाही. तीन बाजूंनी कापायचं, एक बाजू जोडलेली ठेवायची. प्रवासात बंद. उचलणाऱ्याने बोटं घातली की उघडतं. आणि आत ड्रमला प्लास्टिकची पिशवी घालू."

मी बसमध्ये सगळ्यांदेखत "फार छान, फार छान" असं मोठ्याने म्हणत राहिले. मराठीत. कुणाला काही कळलं नाही.

पहिला नमुन्याचा माल आला तेव्हा अर्धं गोदाम डॉकवर जमलं होतं. ट्रकचं दार उघडलं. अरुंद, उंच, नवी कोरी खोकी, थरावर थर. ठेंगण्या मुलीने पहिलं खोकं पुढे ओढलं, आणि थबकली. झडपा चुकीच्या बाजूंना होत्या. आम्हाला हव्या होत्या रुंद बाजूंवर, आल्या होत्या अरुंद बाजूंवर. तिथे धरून उचललं की खोकं आडवं होणार आणि पुन्हा गुडघ्यांना आपटणार.

मी फोनवर "आडव्या बाजूस" म्हटलं होतं. माझ्या मराठीतली आडवी बाजू आणि त्यांच्या मराठीतली आडवी बाजू वेगळी निघाली.

मॅनेजर कपाळाला हात लावून उभे राहिले. मी व्हिडिओ कॉल लावला, कॅमेरा खोक्याकडेच धरला आणि ते फिरवून दाखवलं. पलीकडून ते म्हणाले, "ताई, यापुढे आपण शब्द वापरायचेच नाहीत. खोक्यावर पेनाने फुली मारा आणि फोटो पाठवा." अक्काने माझ्या हातातून पेन घेतलं आणि दोन्ही बाजूंना अशा मोठ्या फुल्या मारल्या की आंधळ्यालाही दिसाव्यात.

दुसरा माल आला त्या दिवशी पुण्याचे प्रमुख स्वतः आले. विमानतळावरून थेट ओरगडमला. बुटके, पांढऱ्या मिशांचे, हातात बाकरवडीचे पुडे. मी नमस्कार केला तर म्हणाले, "मी कुणी वयस्कर बाई असतील असं धरून चाललो होतो. बोलणं असं, की माझ्या पणजीची आठवण यायची."

मॅनेजरांना एकच शंका होती, आणि ती रास्त होती. वजन निम्मं म्हणजे खोकी दुप्पट. ट्रक उतरवायला दुप्पट वेळ लागला तर? त्या दिवशी योगायोगाने जुन्या खोक्यांचाही एक ट्रक उभा होता. म्हणून ठरलं, दोन डॉक, दोन सारख्या तुकड्या, सारखाच माल, एकदमच सुरुवात. शर्यत नाही, कुणी पळायचं नाही, मी आधीच बजावलं. नेहमीच्या चालीने काम करायचं. पण अक्का मधोमध उभी राहून आपल्या त्या आवाजात "सुरू" म्हणाली, तेव्हा दोन्ही ट्रकची दारं शर्यतीसारखीच उघडली.

सुरुवातीला जुन्या खोक्यांची तुकडी पुढे गेली. एका फेरीत चार ड्रम, साहजिकच. मॅनेजर घड्याळ बघत होते आणि मी मॅनेजरांकडे. पण थोड्या वेळाने जुन्या बाजूला माणसं थांबायला लागली. हात झटकायला, कंबर ताणायला. खालचा थर आला तेव्हा एका खोक्याला दोघं-दोघं लागली, आणि दुसरा मोकळा होईपर्यंत पहिला नुसता उभा. नव्या बाजूला मात्र एकेक जण, एका लयीत. बोटं झडपेत, खोकं पोटाशी, चार पावलं, ट्रॉली. कुणी थांबत नव्हतं, कारण थांबावंसं कुणाला वाटत नव्हतं. शेवटी दोन्ही ट्रक जवळपास एकदमच रिकामे झाले. जुन्या बाजूची माणसं ओट्यावर पाय सोडून बसली. नव्या बाजूची ठेंगणी मुलगी विचारत होती, "दुसरा ट्रक आहे का?"

मॅनेजरांनी फोन खिशात टाकला. मी त्यांना तसं करताना पहिल्यांदाच पाहिलं. "यापुढे असाच माल पाठवा," ते पाहुण्यांना इंग्रजीत म्हणाले.

पाहुणे जुन्या खोक्याकडे गेले. "मी यातलं एक उचलून बघतो." मी नको म्हटलं, त्यांचं वय होतं. त्यांनी ते जमिनीपासून वीतभर वर उचललं आणि परत ठेवलं. कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग अक्काकडे वळून, तिला भाषा कळत नाही हे विसरून, मराठीतच म्हणाले, "ताई, हे तुम्ही रोज उचलत होता?" अक्काने माझ्याकडे बघितलं. मी तमिळमध्ये सांगितलं. तिने मान डोलावली.

डॉक्टरांनी आदल्याच आठवड्यात तिला हलकं वजन उचलायला हरकत नाही असं सांगितलं होतं. तिने मला विचारलं, मी मॅनेजरांना विचारलं. मग अक्का नव्या खोक्यासमोर उभी राहिली. पाय फाकवले, गुडघे वाकवले, बोटं झडपांत घातली.  खोकं तिच्या पोटाशी आलं, ती सरळ उभी राहिली, दोन पावलं चालली आणि ते ट्रॉलीवर ठेवलं. मग पदर सारखा करत म्हणाली, "हे चालेल."

संध्याकाळी पाहुण्यांना अप्पांच्या घरी जेवायला नेलं. अप्पांनी त्यांना दारातच हाताला धरून आत घेतलं आणि पानं वाढेपर्यंत दोघं एकमेकांच्या शब्दांवर हसत बसले.

अक्का पूर्ण वेळ डॉकवर परत गेली नाही. जमिनीवर फार वेळ बसलं की अजून तिची कंबर धरते. पण नवीन पुरवठादाराचा माल आला की पहिलं खोकं तिच्यासमोर ठेवायचं, असा नियम मॅनेजरांनी केला आहे, आणि तिने नाही म्हटलं तर मी फोन उचलते. परवा होसूरहून बोल्टच्या गोण्या आल्या. धरायला कान नाहीत, बूड गोल, धरायचं कुठे पत्ता नाही. अक्काने त्या गोणीभोवती एक फेरी मारली आणि मला हाक मारली. मी चहा तसाच सोडून धावले.